दुकाने तीन, पाटी एक

माझे नाव आणि राहण्याचा पत्ता आपण वरच्या चौकटीत लिहून घेतलाच आहे, तो पुन्हा सांगत नाही. वय त्रेचाळीस. काम नोकरीचे, चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढते. आज पोलीस ठाण्यात आपल्यासमोरच्या खुर्चीवर बसून, पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात सांगते ते खालीलप्रमाणे. अंमलदारसाहेबांचे म्हणणे पडले की 'रागात' हा शब्द जबाबात लिहीत नाहीत. मी म्हटले, एरवी लिहीत नसाल, आज लिहा. त्यांनी लिहिला आहे.

आज सकाळी मला ठाण्यातून फोन आला. "बाई, त्या अपघाताचा जबाब तयार आहे, येऊन सही करून जा, दोन मिनिटांचं काम आहे," असे सांगण्यात आले. मी आले आणि तयार जबाब वाचला. त्यात लिहिले होते की मी माझ्या गाडीने दुकानातून घरी जात होते, वाटेत ओळखीच्या एक बाई भेटल्या म्हणून त्यांना गाडीत घेतले, पुढे गाडी दिव्याच्या खांबावर आदळली, त्या बाईंच्या हाताला लागले आणि माझी कोणाबद्दल काही तक्रार नाही. मी न बोलता माझा जबाब तयार कसा झाला, असे विचारले. तेव्हा कळले की आमचे मालक काल येऊन सगळे सांगून गेले. मालक गाडीत नव्हते. त्या मजकुरात गाडीचा नंबर, दिव्याचा खांब आणि लागलेला हात एवढेच खरे आहे. म्हणून मी सही केली नाही आणि माझा जबाब माझ्याच तोंडून घ्यावा म्हणून अडून बसले.

आमच्या मालकांची चष्म्याची तीन दुकाने आहेत. एक बाजारात, एक बसथांब्याजवळ, एक दवाखान्यासमोर. तिन्हींवर एकाच नावाची निळी पाटी आहे. मालकांना आम्ही पाठीमागे 'सहा-सहा' म्हणतो. आमच्या धंद्यात निर्दोष नजरेला सहा-सहा म्हणतात, आणि मालकांना ऊठसूट "मला सगळं दिसतं" असे म्हणायची सवय आहे. टोपणनाव जबाबात नको असे साहेब म्हणाले. ठीक आहे, यापुढे मालकच म्हणते, जिवावर आले आहे तरी.

दुकाने तीन असली तरी नंबर काढायचे मशीन एकच आहे. माणूस हनुवटी टेकवून आत बघतो, आम्ही बटण दाबतो आणि नंबर छापून येतो. मालकांनी मशीन महागातले, चांगले घेतले आणि मग त्या एकावरच भागवले. त्यामुळे मशीन फिरते. सकाळी बाजारात, दुपारनंतर दवाखान्यासमोर, मधे निरोप आला तर बसथांब्यावर. मशीन फिरते म्हणजे मी फिरते, माझ्या गाडीतून. नोकरीवर घेताना मला पहिला प्रश्न "गाडी आहे का?" हा विचारला होता. डोळ्यांचा विषय नंतर निघाला. नव्हती, म्हणून कर्ज काढून घेतली.

मशीन नेण्याचे मालकांचे नियम आहेत. डिकीत ठेवायचे नाही, धक्क्यांनी आतली भिंगे हलतात. मागच्या सीटवर ठेवायचे नाही, वळणावर कलंडते. पुढच्या सीटवर बसलेल्या माणसाने ते मांडीवर घ्यायचे, दोन्ही हातांनी कवटाळायचे आणि सीटचा पट्टा मशीनच्या बाहेरून लावायचा. पट्टा माणसासाठी असतो, असे मी एकदा म्हटले होते. मालक म्हणाले, "दोघांनाही लागतोच की त्यात." मशीनचे वजन पाण्याच्या भरलेल्या बादलीएवढे आहे. ते मांडीवर घेणारे माणूस म्हणजे मावशी. तयार जबाबातल्या "ओळखीच्या एक बाई" त्या याच.

मावशी माझ्या नात्याच्या नाहीत. सगळे त्यांना मावशी म्हणतात, मालकसुद्धा. चष्म्याच्या फ्रेममध्ये काच बसवणे, दांडी ऊब देऊन वाकवणे, कानामागे टोचत असेल तर सरळ करणे, तिळाएवढे स्क्रू पिळणे ही त्यांची कामे. मी नोकरीला लागले त्याच्या कितीतरी आधीपासून त्या इथे आहेत. साठीला टेकल्या आहेत. घरात एकट्या असतात, मुलगी लग्न होऊन लांब गेली. नंबर निघाला की माणसाला लगेच फ्रेम हवी असते, म्हणून मशीन जाईल तिथे मावशींनी जायचे, हाही मालकांचाच नियम. म्हणजे त्या माझ्या गाडीत बसायच्या ते हौसेने नाही.

आता विम्याचे सांगते. ते या प्रकरणात का आणता, असे साहेबांनी विचारले. सगळे त्यातूनच आले आहे, म्हणून आणते.

गेल्या वर्षी मालकांनी जाहीर केले की यापुढे पेट्रोलचा भत्ता बंद, त्याऐवजी माझ्या गाडीचा विमा दुकान भरेल. त्यासाठी त्यांनी विमा एजंट बाईंना दुकानात बोलावले. मी हजर होते, मावशी फ्रेम पुसत तिथेच बसल्या होत्या. एजंट बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "गाडी कशाकशासाठी वापरता? विमा त्यावर ठरतो." मालक म्हणाले, "गाडी कशासाठी वापरतात? जायला-यायला!"

बाई म्हणाल्या, "तसं नाही. घरचं फिरणं, बाजारहाट, पाहुण्यांकडे जाणं, हा एक प्रकार. घरातून निघून कामाच्या एका ठरलेल्या जागी जायचं आणि संध्याकाळी परत यायचं, हा दुसरा, याला आम्ही ये-जा म्हणतो. आणि कामाच्या वेळात एका जागेवरून दुसऱ्या जागी जायचं, कामाचं सामान न्यायचं, सोबत कामाचं माणूस न्यायचं, हा तिसरा. तिसऱ्याला पैसे थोडे जास्त पडतात. पण वापर तिसरा असेल तर तिसराच घ्या. नाहीतर वेळ आली की कंपनी हात वर करते, आणि मग माझ्या नावानं शंख करू नका."

मी तिथल्या तिथे म्हटले, "आमचा तिसरा. रोज मशीन नेते, मावशींना नेते." मालक हसले. "अहो मॅडम, दुकानं तीन असली तरी पाटी एक, मालक एक, बिलाची पावती एक. म्हणजे कामाची जागा एकच झाली. हॉलमधून किचनमध्ये गेलं तर आपण प्रवास म्हणतो का?" त्यावर एजंट बाई म्हणाल्या, "साहेब, अपघात पाटीला होत नाही, गाडीला होतो." मावशींना हसू आवरेना. मालकांचे तोंड उतरले आणि ते म्हणाले, "बरं बरं, तिसरा. घेतला समजा."

घेतला समजा. हे दोन शब्द जसेच्या तसे लिहावेत.

त्यानंतर एक दिवस मी एका आजोबांचे डोळे तपासत असताना मालकांचा फोन आला. "मॅडम, तुमच्या मोबाईलवर विम्याचा आकडा आला असेल, सांगा पटकन." मी विचारले, "तिसराच ना?" ते म्हणाले, "मला सगळं दिसतं, तुम्ही आजोबांकडे बघा." मी आकडा सांगितला. तो आकडा म्हणजे माझी संमती होती. एजंट बाईंना मालकांनी कळवले होते की आता मशीन दुकानाच्या वाहनाने नेणार आहोत, मॅडम फक्त घर ते दुकान येतील-जातील, दुसराच प्रकार करा. बाईंनी त्यांच्यावर विश्वास ठेवला आणि मीही ठेवला. दुकानाचे वाहन म्हणून काही प्रकार आजतागायत आमच्या बघण्यात नाही. ज्या फरकासाठी हे केले तो किती होता ते मी एजंट बाईंना विचारले. त्यांनी सांगितला, पण मी तो इथे सांगत नाही, मला लाज वाटते.

अपघाताच्या दिवशी, म्हणजे गेल्या मंगळवारी, दुपारी चारच्या सुमारास बाजारातल्या दुकानात मालकांचा दवाखान्यासमोरून फोन आला की मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या सासूबाई येऊन बसल्या आहेत, मशीन ताबडतोब आणा. मी एका मुलीचा नंबर काढत होते, तो अर्धा टाकून उठले. मावशींनी चहा ओतला होता, तो तसाच ठेवून त्या निघाल्या. त्यांनी नेहमीप्रमाणे मशीन मांडीवर घेतले आणि मी पट्टा त्याच्या बाहेरून लावून दिला. वाटेत मालकांचे आणखी दोन फोन आले. गाडी चालवताना मी ते घेतले नाहीत. मावशी म्हणाल्या, "वाजू दे. सासूबाई काही आंधळ्या होत नाहीत तेवढ्यात."

लाकडाच्या वखारीच्या पुढे रस्ता उताराचा आहे. तिथे जुने पंखे भरलेल्या एका हातगाडीचे चाक निखळले आणि ती माझ्या पुढ्यात आडवी झाली. हातगाडीवाला तिला धरायला मधे धावला. मी ब्रेक दाबला आणि त्याला वाचवायला गाडी बाजूला घेतली. ती डाव्या अंगाने दिव्याच्या खांबावर गेली. हातगाडीवाल्याची यात चूक नाही, चाकाला काय कळते. माझा वेग जास्त नव्हता. मला काही लागले नाही. मशीन पट्ट्यातून पुढे सरकले आणि मावशींचा उजवा हात, ज्याने त्यांनी ते पुढून कवटाळले होते, मशीन आणि गाडीचा पुढचा पत्रा यांच्यामध्ये सापडला. त्या ओरडल्या नाहीत. "मशीन पडलं का गं?" असे त्यांनी मला विचारले.

मी आधी रुग्णवाहिकेला फोन केला आणि मग मालकांना. मी म्हटले, "अपघात झालाय, मावशींचा हात अडकलाय." ते म्हणाले, "मशीन?"

दवाखान्यासमोरचे दुकान तिथून जवळ असल्याने मालक रुग्णवाहिकेच्या आधी पोचले. त्यांनी मावशींच्या बाजूचे दार जोर लावून उघडले. मी आणि हातगाडीवाला दोघे म्हणालो की हात लावू नका, रुग्णवाहिकेवाल्यांना येऊ द्या. मालकांनी पट्टा सोडला, मशीन दोन्ही हातांनी धरले आणि ओढून काढले. तेव्हा मात्र मावशी ओरडल्या. तो आवाज वखारीतल्या करवतीच्या वरून ऐकू गेला आणि आतली माणसे काम टाकून बाहेर आली. मालकांनी मशीन त्यांच्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवले. त्याला पट्टा लावला. मग मला म्हणाले, "लोक खोळंबलेत, मी पुढे होतो, तुम्ही मावशींचं बघा." आणि ते गेले. हे लिहिताना अंमलदारसाहेबांनी पेन खाली ठेवले आणि परत विचारले की पट्टा कशाला लावला. मी परत सांगते, मशीनला.

रुग्णवाहिका येईपर्यंत हातगाडीवाला रस्त्यावर गुडघे टेकून मावशींचे डोके धरून बसला होता. त्याचे पंखे वाहनांखाली चिरडले जात होते, तिकडे त्याने पाहिले नाही. त्याचा जबाब अद्याप कोणी घेतलेला नाही. तो रोज वखारीजवळ असतो.

मशीन ओढताना त्याचा हनुवटी टेकवायचा पांढरा भाग तुटून मावशींच्या पायाशी पडला. सगळे दिसणाऱ्या मालकांना तो दिसला नाही. तो अजून माझ्या गाडीत, पुढच्या सीटखाली आहे. गाडी गॅरेजमध्ये जशीच्या तशी उभी आहे. मी त्या भागाला हात लावलेला नाही. आपण स्वतः जाऊन पंचनामा करावा आणि मग मालकांना विचारावे की घरी जाणाऱ्या बायका हनुवटीचे टेकण बरोबर कशाला नेतात.

दवाखान्यात डॉक्टरांनी मला पहिला प्रश्न विचारला तो, "हात ओढला कोणी?" हाडे त्यांनी त्याच दिवशी बसवली. पण अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या शिरा तुटल्या आहेत. आणखी एक शस्त्रक्रिया लवकर झाली तर अंगठा आणि बोट पुन्हा एकमेकांना टेकतील. वेळ गेला तर शिरा आखडतील आणि मग करून उपयोग नाही. अंगठा आणि बोट टेकले नाहीत तर मावशींना स्क्रू धरता येणार नाही. त्यांना दुसरे कुठलेही काम येत नाही, आणि या वयात त्यांना ते शिकवायलाही कोणी बसलेले नाही. त्या शस्त्रक्रियेला लागणारा पैसा मावशींकडे नाही, मुलीकडे नाही, माझ्याकडेही नाही.

दुसऱ्या दिवशी मालक बिस्किटाचा पुडा घेऊन दवाखान्यात आले. मावशी गुंगीत होत्या. मला त्यांनी बाहेर बाकावर बसवले आणि म्हणाले, "मॅडम, डोकं शांत ठेवून ऐका. तुम्ही घरी चालला होता. मावशी वाटेत भेटल्या."

मी म्हटले, "चार वाजता? दुकान रात्री बंद होतं."

"बरं नव्हतं म्हणून लवकर निघालात. कुणाला बरं नसतं की नाही कधी?"

"मावशींचं घर उलट्या दिशेला आहे."

"ते कोण बघतंय? हे बघा, तुमचा विमा ये-जाचा आहे. ये-जा म्हटलं की गाडीचे पैसे मिळतात. कामावर होतो म्हटलं की विमावाले दावा फेकून देतील. गाडी तुमची, कर्ज तुमचं. मी तुमच्याच भल्याचं सांगतोय."

मी विचारले, "तिसरा प्रकार घेतला होतात ना?" त्यावर ते म्हणाले, "आता ते उगाळून काय उपयोग?" मी विचारले, "मावशींचं काय?" ते म्हणाले, "मावशींचं आपण बघू ना. माणुसकी आहे की नाही काही?" माणुसकीची पावती मिळते का, असे मी विचारले. ते उठून गेले. बिस्किटाचा पुडा बाकावरच राहिला. तो झाडूवाल्या बाईंनी नेला, बरे झाले.

मी त्याच संध्याकाळी एजंट बाईंना फोन लावला. मालकांनी काय कळवले होते ते मला तेव्हाच कळले. बाई म्हणाल्या, "मी तुम्हाला खोटं बोला म्हणणार नाही आणि खरं बोला असंही म्हणणार नाही. दोन्हीकडे काय होईल तेवढं सांगते. कामावर होतात असं सांगितलं तर तुमच्या गाडीचा दावा गेला. पण मावशी कामावर जखमी झाल्या म्हणजे त्यांचा उपचार आणि बसल्या दिवसांचा पगार मालकाच्या गळ्यात पडतो, तो त्याला टाळता येत नाही. घरी जात होतात असं सांगितलं तर तुमची गाडी मिळेल. मग मावशी म्हणजे वाटेत भेटलेली बाई. वाटेत भेटलेल्या बाईचं मालक काही देणं लागत नाही. दोन्ही एकदम मिळणार नाही."

मालक जे माझ्या भल्याचे म्हणून सांगत होते, ते खरेच माझ्या भल्याचे होते. मला सगळ्यात जास्त संताप त्याचा आहे. त्यांनी स्वतःचे खोटे माझ्या फायद्याच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिले. चोरी त्यांची आणि पिशवी सांभाळायची मी.

मला माझी गाडी हवी आहे, हेही लिहून घ्यावे. मी कोणी मोठी त्यागी बाई नाही. गॅरेजवाल्याने सांगितले आहे की ही दुरुस्त करण्यापेक्षा दुसरी घ्या. कर्जाचे हप्ते ज्या गाडीचे चालू आहेत ती भंगारात जाणार, आणि या जबाबानंतर नोकरी राहील असे समजण्याइतकी मी खुळी नाही. घरात यावरून माझे आणि नवऱ्याचे कडाक्याचे भांडण झाले. तो म्हणाला, "तू खरं सांगशील, आणि मालक वकील लावून वर्षानुवर्षं खेळवेल. गाडीही गेली आणि हातही गेला, असं झालं तर?" तो चुकीचे बोलत नव्हता. मी ताटावरून उठून गेले, एवढेच.

काल मालक ठाण्यात येऊन गेले त्याच वेळी मी दवाखान्यात मावशींजवळ होते. त्यांना कुठून तरी सगळे कळले होते, बहुतेक मालकांनीच कानावर घातले असावे. त्यांनी मला जवळ बसवले आणि म्हणाल्या, "घरी जात होतो म्हणून सांग."

मी म्हटले, "मावशी, तुमचं घर त्या रस्त्यावर नाही."

"मग फिरायला चाललो होतो म्हणून सांग."

"मांडीवर मशीन घेऊन?"

त्या हसल्या आणि हसताना हात दुखला म्हणून कळवळल्या. मग म्हणाल्या, "चेष्टा नको. माझा हात म्हातारा झालाय, आज ना उद्या तो बसणारच होता. तुझी गाडी अजून फिटायची आहे. माझ्यापायी तुझं घर कर्जात बुडालं तर मला तो भाकरतुकडा गिळायचा नाही. मुलीकडे जाईन, कोपऱ्यात पडून राहीन." मुलीच्या घरात तिच्याच माणसांना कोपरा पुरत नाही, हे मला माहीत आहे आणि मावशींनाही माहीत आहे. मी त्यांचे पांघरूण सारखे करू लागले. तेव्हा त्यांनी डाव्या हाताने माझा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "माझी शपथ आहे तुला. घरी जात होतो, एवढंच सांगायचं." मी तोंडाने हो म्हटले नाही. पण त्या हात सोडेनात म्हणून मी मान हलवली. मग त्यांना झोप लागली.

आज ठाण्यात येईपर्यंत माझे ठरत नव्हते. मघाशी तयार जबाब हातात घेतला आणि त्यातले "ओळखीच्या एक बाई" हे शब्द वाचले. त्यांच्या हातून गेलेल्या चष्म्यांतून अर्धा गाव बघतो, या ठाण्यातलेही दोघे-तिघे बघतात. साहेब, आपल्या कानावरची दांडी त्यांनीच बसवलेली आहे, मी तेव्हा शेजारी उभी होते. त्या बाईला मालकांनी वाटेत भेटवले. तिथे माझे ठरले.

तरी माझे सांगणे असे आहे. मंगळवारी दुपारी मी घरी जात नव्हते. मालकांच्या हुकमावरून, दुकानाच्या वेळात, दुकानाचे मशीन एका दुकानातून दुसऱ्या दुकानात नेत होते. मावशी वाटेत भेटल्या नाहीत. त्या दुकानातून माझ्याबरोबर निघाल्या होत्या आणि मशीन धरण्याच्या कामावर होत्या. मालकांनी रुग्णवाहिकेची वाट न पाहता अडकलेल्या हातावरून मशीन ओढले, ते जागेवरून हलवले आणि नंतर ठाण्यात येऊन खोटे सांगितले. याबद्दल माझी मालकांविरुद्ध तक्रार आहे. मावशींचा हात वेळेत नीट व्हावा, तेवढ्या वेळेत हे कागद हलावेत, अशी माझी मागणी आहे. या जबाबाची एक प्रत मला मिळावी. ती मी स्वतः विमा कंपनीला नेऊन देणार आहे, म्हणजे त्यांना दावा फेटाळायला शोधाशोध करावी लागणार नाही.

अंमलदारसाहेबांनी विचारले, "गाडी जाईल, हे समजून-उमजून सांगताय ना?" मी हो म्हटले.

वरचा सगळा मजकूर साहेबांनी मला पहिल्या शब्दापासून मोठ्याने वाचून दाखवला. वाचताना ते दोनदा थांबले, पण त्यांनी एकही शब्द बदलला नाही. मी बोलले तेच उतरले आहे. मावशींनी मला घातलेली शपथ मी इथे मोडली आहे, तेवढे मावशींना आपण कळवू नये, मी जाऊन सांगेन. खाली माझी सही.